मंदीचा भार कोणाच्या शिरावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



मंदीची चर्चा सुरू झाली की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर शेअरबाजाराचा निर्देशांक येतो, त्याखाली कारखानदारांच्या संघटनांची निवेदने येतात, अर्थखात्याची आश्वासने येतात, आणि काम गेलेला माणूस आलाच तर आतल्या पानावर एखाद्या टक्केवारीच्या रूपाने येतो. या चर्चेची भाषाही मोठी सूचक असते. 'मंदी आली', 'नोकऱ्या गेल्या' असे म्हटले जाते. अवकाळी पाऊस आला आणि उभे पीक गेले, असे म्हणावे तसे. या वाक्यांतून खरा कर्ता नाहीसा झालेला असतो. कोणी कोणाला कामावरून कमी केले, कोणी कोणता खर्च थांबवला, कोणाचे व्याज नियमित मिळत राहिले आणि कोणाची मजुरी बंद झाली, हे प्रश्न त्या भाषेत उपस्थितच होत नाहीत. वस्तुतः राष्ट्राच्या उत्पन्नात घट झाली म्हणजे ती कोणाला तरी सोसावी लागते, आणि ती कोणी सोसायची हे कोणीतरी ठरवत असते. मंदी हा अर्थव्यवहाराचा फेरा असेल. तिचा भार बेकारांच्या शिरावर लोटला जाणे हा राजकीय निर्णय असतो.

हा निर्णय कसा घेतला जातो, आणि श्रमिकांचे म्हणवणारे पक्षही त्यात कसे ओढले जातात, याचे पुरावे इतिहासात आहेत. ते तपासले असता एक निष्कर्ष निघतो: बेकाराचे रक्षण करणारा हक्क मंदी येण्यापूर्वीच मिळवून ठेवावा लागतो. ऐन मंदीत तिजोरी रिकामी असल्याची ओरड सर्वांत मोठ्या आवाजात होते आणि काम गेलेल्या माणसाचा आवाज सर्वांत क्षीण झालेला असतो. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी लागेपर्यंत तहानलेला टिकत नाही.

बेकारीची साखळी

मंदीत बेकारी कशी वाढते हे समजण्यासाठी मोठ्या ग्रंथांची गरज नाही. इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावात कापडाचा उठाव थांबला की मालक प्रथम रात्रपाळी बंद करतो. माग चालवणारा घरी बसतो. त्याच्यामागोमाग कांडी भरणाऱ्या बाया, वहिफणी कामगार, गाठी उचलणारे हमाल यांचे काम जाते. मग खानावळीतली डब्यांची संख्या घटते, चहाच्या टपरीवरची उधारी वाढते, किराणा दुकानदार नवा माल भरत नाही, आणि गावाकडे जाणारे पैसे थांबल्यामुळे तिथल्या मुलाची शाळेची फी राहते. या साखळीतील प्रत्येकजण आपापल्या परीने शहाणपणानेच वागत असतो. विक्री नसताना कापड विणू नये हे मालकाचे गणित बरोबर असते, उत्पन्न नसताना खर्च करू नये हे मजुराचेही बरोबर असते. परंतु एकाचा खर्च हेच दुसऱ्याचे उत्पन्न असल्यामुळे सर्वांच्या शहाणपणाची बेरीज सर्वांच्या दैन्यात होते.

या साखळीत एकच घटक असा असतो की जो प्रवाहाविरुद्ध पोहू शकतो, आणि तो म्हणजे शासन. इतर सारे हात आखडतात तेव्हा शासनाने खर्च वाढवला तर साखळी तुटण्याचे थांबते. शासनानेही हात आखडला तर ती वेगाने तुटते. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ साली आपल्या ग्रंथात याला शास्त्रीय बैठक दिली. तत्पूर्वी पाच वर्षे त्यांच्याच देशात याच्या नेमके उलट घडले होते.

ब्रिटन, १९३१

१९२९ च्या जूनमध्ये ब्रिटनमध्ये रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाचे सरकार अधिकारावर आले. त्या वेळी तेथे अकरा-बारा लाख लोक बेकार होते. त्याच वर्षी अमेरिकेत शेअरबाजार कोसळला आणि जागतिक मंदीला तोंड फुटले. १९३१ च्या मध्यापर्यंत ब्रिटनमधील बेकारांची संख्या सत्तावीस लाखांच्या घरात गेली. बेकार वाढले म्हणून बेकारी भत्त्यावरचा खर्च वाढला, करांचे उत्पन्न घटले, अंदाजपत्रकात तूट आली. जुलै १९३१ अखेर सरकारनेच नेमलेल्या मे समितीने अहवाल दिला, की तूट १२ कोटी पौंडांवर जाईल आणि ती भरून काढण्यासाठी बेकारी भत्ता २० टक्क्यांनी कमी करावा. म्हणजे ज्या रोगामुळे तूट आली त्या रोगाच्या रुग्णाचेच पथ्य कमी करून तूट भरायची, असा हा उपाय होता.

अहवाल जाहीर होताच पौंडावरचा विश्वास डळमळला, इंग्लंडमधील सोने बाहेर जाऊ लागले, आणि न्यूयॉर्कच्या बँकांकडून कर्ज हवे असेल तर काटकसरीचा भरवसा दिला पाहिजे, असे सांगण्यात आले. २३ ऑगस्ट १९३१ रोजी मंत्रिमंडळापुढे बेकारी भत्त्यात १० टक्के कपात करण्याचा प्रश्न आला. अकरा मंत्री कपातीच्या बाजूने आणि नऊ विरुद्ध अशी विभागणी झाली. एवढ्या फुटीनंतर सरकार चालणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी मॅक्डोनल्ड यांनी राजीनामा दिला आणि हुजूर व उदारमतवादी पक्षांना बरोबर घेऊन ते 'राष्ट्रीय सरकार'चे पंतप्रधान झाले. त्या सरकारने भत्ता कापला आणि बेकाराच्या संपूर्ण कुटुंबाची मिळकत तपासून मगच मदत देण्याची अपमानास्पद पद्धतही लागू केली. ऑक्टोबरच्या निवडणुकीत मजूर पक्षाचे संख्याबळ २८७ वरून ५२ वर आले.

या कहाणीतील सर्वांत बोचरा भाग पुढे आहे. पौंडाची सोन्याशी असलेली सांगड टिकवण्यासाठी ही कपात अपरिहार्य आहे, असे सांगण्यात आले होते. २१ सप्टेंबर १९३१ रोजी, म्हणजे महिना पुरा होण्यापूर्वीच, ब्रिटनने ती सांगड सोडून दिली आणि आकाश कोसळले नाही. ज्या तत्त्वासाठी बेकाराच्या घासातील दहावा हिस्सा काढून घेतला ते तत्त्व गेले, कपात मात्र १९३४ पर्यंत राहिली.

मजूर पक्षाच्या नेत्यांना बेकारांविषयी कळवळा नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्यापैकी कित्येकजण खाणीतून आणि गिरणीतून वर आलेले होते. त्यांची चूक वेगळी होती. एक दिवस समाजवाद येईल आणि बेकारी नाहीशी होईल, यावर त्यांची श्रद्धा होती. आणि तो येईपर्यंत भांडवलशाहीचा जमाखर्च भांडवलशाहीच्याच नियमांनी सांभाळला पाहिजे, अशीही त्यांची समजूत होती. त्या दूरच्या ध्येयाच्या आणि रोजच्या जमाखर्चाच्या मध्ये कोणताही कार्यक्रम त्यांच्यापाशी नव्हता. त्यामुळे संकट आले तेव्हा अर्थखात्याने आणि बँकांनी समोर ठेवलेला कागद हाच एकमेव कार्यक्रम उरला.

पाच वर्षांनी, ऑक्टोबर १९३६ मध्ये, जहाजबांधणीचा कारखाना बंद पडलेल्या जॅरो या गावातून दोनशे माणसे काम मागण्यासाठी लंडनपर्यंत पायी चालत गेली. त्यांच्या खासदार एलन विल्किन्सन त्यांच्याबरोबर होत्या. ट्रेड युनियन काँग्रेसने आणि मजूर पक्षाच्या नेतृत्वाने या मोर्च्यापासून अंतर राखले. संघटना नोकरीत असलेल्यांच्या होत्या. नोकरी गमावलेल्यांचे काय करावे हे त्यांना उमगत नव्हते. हा दोष केवळ ब्रिटनचा नाही. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप विधिवत मागे घेतलाच गेला नाही, आणि हजारो कामगारांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. कोणी कोकणात परतला, कोणी साताऱ्याकडे, कोणी लालबाग-परळच्या पदपथावर भाजी विकू लागला. गिरणीच्या दाराशी सुरू होणारे संघटनेचे सभासदत्व गिरणीच्या दाराशीच संपले.

न दिसणारे बेकार

भारतातील बेकारीचा विचार करताना आणखी एक अडचण येते. येथे बेकार दिसत नाही. ब्रिटनमधील बेकार भत्त्याच्या रांगेत उभा असे, म्हणून मोजला जाई. ज्या देशात असा सार्वत्रिक भत्ता नाही तेथे गरीब माणसाला बेकार राहणे परवडत नाही. गिरणीतून काढलेला माणूस हातगाडी ढकलतो, हातगाडीही गेली तर भावाच्या दोन एकरांत राबतो, आणि पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने विचारले तर 'शेती करतो' असे सांगतो. प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० मध्येच बजावले होते, की इतक्या भिन्न स्वरूपाच्या श्रमशक्तीची बेकारी एकाच आकड्यात कोंबता येणार नाही. त्यानंतर १९७२-७३ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीत बेकारी निरनिराळ्या निकषांनी मोजली जाऊ लागली. तरीही साप्ताहिक निकषाप्रमाणे आठवड्यात एका दिवशी एक तास जरी काम केले तरी तो माणूस कामावर असलेल्यांत मोडतो.

याचा परिणाम काय होतो ते अलीकडच्या अनुभवावरून दिसते. सरकारच्या श्रमशक्ती पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये बेकारीचे प्रमाण ६.१ टक्के होते. चार दशकांतील सर्वांत मोठी बेकारी म्हणून त्या आकड्याची चर्चा झाली आणि तो अधिकृतपणे प्रसिद्ध झाला २०१९ ची लोकसभा निवडणूक आटोपल्यावर. नंतर कोरोनाची साथ आली. २०२०-२१ या आर्थिक वर्षात देशाचे उत्पादन सुमारे सहा टक्क्यांनी आक्रसले. स्वातंत्र्यानंतर एवढी घसरण कधीच झाली नव्हती. आणि बेकारीचे प्रमाण? २०१८-१९ मध्ये ५.८, २०१९-२० मध्ये ४.८, आणि २०२०-२१ मध्ये ४.२ टक्के! उत्पादन बुडाले त्याच काळात बेकारी घटली, असे हे सरकारी आकडे सांगतात.

आकडे खोटे नाहीत. ते जे मोजतात त्याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. त्याच पाहणीत शेतीवर काम करणाऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मधील ४२.५ टक्क्यांवरून २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेले. विकासाच्या वाटेवरील देशात माणसे शेतीतून उद्योगाकडे जातात. येथे ती उद्योगातून शेतीकडे परतली. पूर्वी चौघे करीत ते काम आता सहाजण करू लागले, आणि सहाहीजण रोजगारात असल्याची नोंद झाली. घरच्या शेतात किंवा दुकानात बिनमोल राबणाऱ्या स्त्रियाही त्याच नोंदीत आल्या. तेव्हा बेकारीचा दर घटला असे ऐकल्यावर कार्यकर्त्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा: काम कोणते, किती दिवसांचे, आणि मजुरी किती?

महाराष्ट्राने खणलेली विहीर

ध्येय आणि जमाखर्च यांच्यामधला जो कार्यक्रम ब्रिटनच्या मजूर पक्षापाशी नव्हता तो पुढे महाराष्ट्रात आकाराला आला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे काँग्रेसचे आणि वृत्तीने सर्वोदयी. ग्रामीण भागात जो काम मागेल त्याला काम देण्याची हमी शासनाने घ्यावी, ही कल्पना त्यांनी मांडली आणि १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात तिचा प्रयोग झाला. १९७१ साली दांडेकर व रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरच्या आपल्या अभ्यासात सार्वजनिक कामांतून रोजगार देण्याचा मार्ग सुचवला. १९७२ मध्ये राज्य शासनाने योजना स्वीकारली आणि लगोलग तो भीषण दुष्काळ कोसळला. दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या त्या हातांनी हे सिद्ध केले, की काम मिळाले तर महाराष्ट्राचा माणूस फुकटचे धान्य मागत नाही; आणि शासनयंत्रणेनेही सिद्ध केले, की ठरवले तर लाखोंना काम देता येते.

दुष्काळ ओसरल्यावर ही गोष्ट विसरली जाणे सोपे होते. तसे झाले नाही, याचे श्रेय शेतमजुरांच्या चळवळींना, विरोधी पक्षांना आणि सत्ताधारी पक्षातील विवेकी लोकांना एकत्रितपणे द्यावे लागेल. १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला, मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत अकुशल काम, आणि ते न दिल्यास बेकारी भत्ता, असे त्याचे स्वरूप होते. वर्षाला अमुकच दिवस अशी मर्यादा त्यात नव्हती.

या कायद्यातील सर्वांत दूरदर्शी भाग त्याच्या पैशाचा होता. १९७५ पासून पगारदार, व्यावसायिक आणि व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसवण्यात आला. इतर काही करांवरील अधिभाराची त्यात भर पडली. आणि जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. पगारपत्रकातून आजही दरमहा कापला जाणारा तो कर, वर्षाला कमाल २,५०० रुपये, मुळात शहरातील नोकरदाराने खेड्यातील भूमिहीनाच्या कामासाठी दिलेला वाटा आहे. मंदीत पहिला घाव कुठे घालायचा हे अर्थखाते शोधत असते. ज्या खर्चाला कायद्याचे आणि स्वतंत्र निधीचे कुंपण असते तेथे कुऱ्हाड सहजी पोचत नाही.

कुंपण असूनही विहीर कशी आटवता येते, याचाही अनुभव महाराष्ट्राने घेतला. १९८८ मध्ये या कामांवरील मजुरीचे दर किमान वेतनाशी जोडले गेले आणि ते जवळजवळ दुप्पट झाले. मजुरी वाढली म्हणजे काम मागणारे वाढावेत. प्रत्यक्षात योजनेवरील कामाचे दिवस घटले. कायद्याचे एक अक्षरही बदलले नव्हते. फक्त नवी कामे निघेनात, आणि निघाली ती दूर निघत. हक्क रद्द करण्यासाठी विधानसभेची गरज लागत नाही. तहसील कचेरीतील एक फाईल पुढे न सरकली तरी पुरते.

२०२० : जिथे हक्क होता आणि जिथे नव्हता

महाराष्ट्राच्या या अनुभवातूनच २००५ चा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा घडला. फेब्रुवारी २००६ मध्ये तो दोनशे जिल्ह्यांत सुरू झाला आणि २००८ पर्यंत देशभर पोचला. अर्थव्यवस्था जोमाने वाढत होती तो हा काळ. असल्या कायद्याची आता गरज काय, असे अनेक विद्वान विचारीत होते. त्या प्रश्नाचे उत्तर पंधरा वर्षांनी मिळाले.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांनी ती लागू झाली. एप्रिलमध्ये बेकारीचे प्रमाण २३ टक्क्यांपुढे गेल्याचा अंदाज 'सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी' या संस्थेने दिला. शहरात काम गेलेल्या मजुराला कायद्याने काहीच देणे लागत नव्हते. म्हणून तो चालू लागला. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघालेले सोळा मजूर औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांना आपल्या गावीच काहीतरी आधार मिळेल असे का वाटले असावे, याचा विचार झाला पाहिजे.

गावी निदान एक कायदा होता. २०२०-२१ मध्ये त्या कायद्याखाली सुमारे ११ कोटी माणसांनी काम केले आणि ३८९ कोटी मनुष्यदिवसांचा रोजगार निर्माण झाला. मूळ अंदाजपत्रकात ६१,५०० कोटी रुपये होते. मागणीच्या रेट्यामुळे सरकारला आणखी ४०,००० कोटी रुपयांची तरतूद जाहीर करावी लागली. सत्तेवर कोण होते आणि त्यांचे या कायद्याविषयीचे मत पूर्वी काय होते, हा प्रश्न गौण ठरला. कायदा होता, यंत्रणा होती, हजेरीपट होते, म्हणून पैसा गेला. ही विहीर आधी खणलेली होती. शहरात ती नव्हती, आणि दोहोंमधला फरक साऱ्या देशाने महामार्गांवर पाहिला.

आक्षेप आणि उत्तरे

या मार्गावर नेहमी घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप: पैसा आणायचा कोठून? मंदीत माणसे, यंत्रे आणि धान्य ही तिन्ही साधने पडून असतात. २०२० मध्ये अन्न महामंडळाची गोदामे भरलेली होती आणि हात रिकामे होते. अशा वेळी शासनाने काढलेले कर्ज त्या पडून असलेल्या साधनांना कामाला लावते. धान्याचीच टंचाई असेल तर नुसता पैसा वाटून भाव भडकतील, हे १९७२ नंतरच्या महागाईने शिकवले आहे. म्हणून रोजगार हमी आणि रेशन व्यवस्था ही जोडी फोडता येणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की या कामांतून टिकाऊ काही निर्माण होत नाही, आणि झाले तर त्याचा लाभ मोठ्या शेतकऱ्याला मिळतो. यात तथ्य आहे. पाझर तलाव बांधला मजुराने आणि पाणी वाढले बागायतदाराच्या विहिरीला, हे अनेक गावांत घडले. याला उपाय कामे बंद करण्याचा नाही. कोणते काम, कोणाच्या रानात, आणि पाण्यावर हक्क कोणाचा, हे ग्रामसभेत मजुरांनी ठरवण्याचा तो प्रश्न आहे.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा. पदवीधराला खडी फोडायला लावणार काय? रोजगार हमी ही बेकारीवरची रामबाण मात्रा नव्हे, हे मान्य केले पाहिजे. उद्योगांचे स्वरूप, शिक्षणाची दिशा, शासनातील रिक्त पदे, जमिनीची मालकी हे प्रश्न तिच्यामुळे सुटत नाहीत. ती मजुरीचा तळ भक्कम करते, एवढेच तिचे काम. परंतु ज्याला उद्याच्या कामाची हमी आहे तो मजूर आजच्या मालकाशी ताठ मानेने बोलतो. म्हणूनच हमीला विरोध करणारांत जमीनदार आणि मुकादम नेहमी पुढे असतात.

पुढचा संघर्ष

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. 'विकसित भारत' हे शब्द त्याच्या नावात अग्रभागी आहेत. कामाचे दिवस शंभरावरून एकशे पंचवीस करण्यात आले आहेत, आणि हे स्वागतार्ह आहे. परंतु जुन्या कायद्यात अकुशल मजुरीचा संपूर्ण खर्च केंद्राकडे होता. नव्या कायद्यात बहुतेक राज्यांनी ४० टक्के भार उचलायचा आहे. प्रत्येक राज्यासाठी वार्षिक रक्कम केंद्र ठरवील, आणि तिच्यापुढे खर्च गेला तर तो राज्याचा. पेरणी-काढणीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे थांबवण्याचीही तरतूद आहे.

मंदीच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ गंभीर आहे. मंदीत राज्यांचे करउत्पन्न घटते, आणि केंद्राच्या संमतीवाचून त्यांना मनाजोगे कर्ज काढता येत नाही. प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ ज्याच्या अंगी आहे त्या केंद्राने जबाबदारी मर्यादित करायची आणि ज्याचे हात बांधलेले आहेत त्या राज्याने उरलेला भार उचलायचा, अशी ही रचना आहे. मागणी वाढेल तसा पैसा वाढेल, हे २०२० मध्ये उपयोगी पडलेले तत्त्व तिने मागे टाकले आहे. सुकाळात एकशे पंचवीस दिवसांचा कायदा शंभर दिवसांच्या कायद्याहून उजवा दिसेल. कसोटी लागेल ती पुढच्या मंदीत.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील कामे स्पष्ट आहेत. पहिले, काम मागणाराची मागणी लेखी झाली पाहिजे आणि तिची तारीखवार पोच हातात पडली पाहिजे. गावोगाव मजुरांना अर्ज भरून देणे आणि पोच मिळेपर्यंत ग्रामपंचायतीच्या दारातून न हलणे, हे काम सभा-संमेलनांइतके झगझगीत नाही. परंतु पोच नसेल तर मागणी झालीच नाही असे धरले जाते, भत्ता बुडतो, आणि गावात बेकारी नाही असा अहवाल वर जातो. दुसरे, महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्यातील प्रत्येक प्रौढाला दिवसांच्या मर्यादेवाचून दिलेली हमी अबाधित राहावी, आणि व्यवसाय कराचा पैसा ज्या कामासाठी गोळा होतो त्याच कामावर खर्च व्हावा, यासाठी विधिमंडळात आणि रस्त्यावर आग्रह धरला पाहिजे. तिसरे, शहरांसाठी हमी. केरळने २०१० च्या सुमारास आणि राजस्थानने सप्टेंबर २०२२ मध्ये शहरी रोजगाराच्या योजना सुरू केल्या. ज्या राज्याने देशाला रोजगार हमी शिकवली त्याच्या मोठ्या शहरांतील नाक्यावरच्या मजुराला तसा कायदेशीर हक्क नाही, ही गोष्ट महाराष्ट्राला शोभणारी नाही.

चौथे काम कामगार संघटनांचे आहे. काम गेलेल्या सभासदाचे नाव पुस्तकातून खोडले जाऊ नये; नाममात्र वर्गणीवर त्याचे सभासदत्व चालू राहावे, आणि त्याच्या भत्त्याचा, थकलेल्या देण्यांचा, मुलांच्या शाळेचा प्रश्न संघटनेचा प्रश्न मानला जावा. नोकरीत असलेला आणि नोकरी गेलेला यांच्यात भिंत उभी राहिली की मालक एकाला दुसऱ्याची भीती दाखवतो आणि दोघांचीही मजुरी पाडतो.

राज्यघटनेच्या एकेचाळिसाव्या अनुच्छेदात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, परंतु तो राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ही कुवत किती हे मोजण्याचे माप आजवर अर्थखात्याच्या हाती राहिले आहे. १९३१ मध्ये लंडनला ते माप सोन्याचे होते आणि महिन्याभरात ते फेकून देण्यात आले. पुढच्या मंदीतही कोणते तरी माप पुढे केले जाईल. तुटीचे असेल, पतमानांकनाचे असेल. त्या दिवशी काम मागणाऱ्यांच्या हाती तारीख घातलेल्या पोचपावत्यांचा गठ्ठा असेल आणि त्यांच्या पाठीशी संघटना असेल, तर राज्याची कुवत किती हे ठरवताना त्यांचेही म्हणणे ऐकावे लागेल. ती तयारी करण्याचा काळ आजचा आहे.